गादीची पालखी

माझं माहेर घाटकोपरचं. गाव कुठलं विचारलं तरी मी घाटकोपरच सांगते, कारण आजोबांच्या मागचं आमच्यात कुणाला काही आठवत नाही. लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा वाटलं, चार-पाच स्टेशनांचा तर प्रश्न, फार काही बदलणार नाही. पण सासरच्या मंडळींना रत्नागिरी जिल्ह्यात एक गाव होतं आणि ही मंडळी राहायला मुलुंडला असली तरी त्यांचं लक्ष कायम तिकडे. आमच्या बाथरूमचा नळ वर्षभर गळला तरी कुणी ढुंकून बघायचं नाही, पण गावच्या देवळाचं एक कौल फुटलं की लगेच दहा फोन.

यात सगळ्यात पुढे आमचे पप्पा, म्हणजे माझे सासरे. सत्तरी ओलांडलेले, अंगाने काडी, आवाजाने ढोल. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कुरिअरची पाकिटं वाटत अर्धी मुंबई पायी फिरले. सासूबाई गेल्यापासून दुपारी घरात आम्ही दोघंच असायचो. मी एका कंपनीचे हिशेब घरून बघायची आणि ते गावच्या ग्रुपवर येणारे व्हिडिओ मोठ्या आवाजात बघायचे.

आता शिमग्याचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. शिमग्यात गावची देवी पालखीत बसून घरोघर जाते. पालखीचा दांडा दोघांनी खांद्यावर घ्यायचा, एक पुढे, एक मागे. सपाटीवर, म्हणजे पालखी बसते त्या सहाणेच्या अंगणात, ती ढोलाच्या तालावर नाचवायची, आणि तिथे हौशी लोकांची रांग लागते. आमची वाडी मात्र वर डोंगरात आहे. तिथवर आता सिमेंटचा रस्ता झालाय, रिक्षाही जाते. पण देवी रस्त्याने येत नाही. ती येणार ओढ्यातून, मग करवंदीच्या जाळ्यांतून, मग उभा चढ सरळ चढून. त्या वाटेने वर्षातून एकदाच कोणी जातं, त्यामुळे खरं म्हणजे तिथे वाट नाहीच. दरवर्षी नव्याने शोधावी लागते. त्या चढाला घाटी म्हणतात आणि घाटीतला खांदा आमच्या घराचा. पप्पा तो लग्नाआधीपासून देत आले होते.

एका शिमग्याला घाटीच्या मध्यावर पप्पांना धाप लागली. पालखी हेलकावली, पोरांनी पुढे होऊन दांडा काढून घेतला. एवढंच झालं. पण दिवाळीनंतर गावच्या काकांचा, म्हणजे पप्पांच्या चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला. काका सगळ्या गावकीचं बघतात. ते म्हणाले, "दादा, यंदा घाटीत तू नको. खाली सहाणेवर हात लाव दांड्याला. मस्त फोटो काढू तुझा."

पप्पांनी फोन टेबलावर पालथा घातला आणि समोरचं ताट सरकवलं. ताटात सुरमई होती. सुरमई सरकवणारे पप्पा मी त्याआधी बघितले नव्हते.

"फोटो काढू म्हणतो," ते म्हणाले. "मी काय मेलोय?"

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, छाती ठीक आहे म्हणाले, दम वाढवायचा तर रोज चाला, हळूहळू वाढवा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीपण जा सोबत." माझ्याकडे बघून डॉक्टर लोक हे नेहमीच म्हणतात. नवऱ्याने लगेच मान डोलावली. त्याने जिमचं वर्षाचं सभासदत्व घेतलं होतं आणि तो तिथे वाफेच्या खोलीत बसायला जायचा.

पहिल्या दिवशी आम्ही बागेत गेलो. तिथे गोल ट्रॅक आहे, बाजूला निळ्या खुर्च्या आहेत, एका कोपऱ्यात हसणाऱ्यांचा क्लब आहे. पप्पांनी एक फेरी मारली आणि थांबले.

"आलो की परत तिथंच," ते म्हणाले.

"पप्पा, त्यालाच फेरी म्हणतात."

"मी काय घाण्याचा बैल हाय? घाटी काय गोल हाय?" तेवढ्यात कोपऱ्यातला क्लब एकदम हो-हो करून हसला, आणि पप्पांना वाटलं ते त्यांनाच हसले. त्यांच्याशी भांडण करून आम्ही बाहेर पडलो. दुसऱ्या दिवसापासून बाग बंद, टेकडी सुरू.

मुलुंड कॉलनीच्या मागे टेकड्या आहेत. जंगलखात्याच्या कुंपणापलीकडे कुणी जात नाही, पण कुंपणाच्या अलीकडे एक उघडी टेकडी आहे, तिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. करवंद, घाणेरी, मधूनमधून पळस, कंबरेएवढं वाळलं गवत, आणि पायवाट म्हणाल तर औषधालाही नाही. सोसायटीत सांगितलं तर सगळे एका सुरात म्हणाले, "तिकडे बिबट्या असतो." पप्पा म्हणाले, "असूदे. सकाळची त्याचीपण कामं असतील."

पप्पांचा नियम एकच होता: सरळ वर. वळसा घ्यायचा नाही, सोपी बाजू शोधायची नाही, समोर जाळी आली तर जाळीतून. देवी वळत नाही, तर आपण कोण वळणारे. मी नवीन लेगिंग घालून गेले होते. दहा मिनिटांत तिला एवढी कुसळं लागली की माझ्या पायांना दाढी आल्यासारखं दिसायला लागलं. मुरमावर पाय ठरेना. एक पाऊल वर टाकलं की दीड पाऊल खाली. नवऱ्याने दिलेलं घड्याळ मनगटावर होतं, मी धाडकन पडले तेव्हा ते आनंदाने थरथरलं आणि व्यायाम सुरू केल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. मी त्याला अशी शिवी दिली की पप्पा मागे वळून म्हणाले, "शाब्बास. दम हाय अजून."

त्याच दिवशी आम्ही हरवलो. आणि हरवलो म्हणजे कसे, तर आमची इमारत समोर स्वच्छ दिसत होती. गच्चीवर मी वाळत घातलेली मॅक्सी दिसत होती. वारा आला की ती मॅक्सी हात हलवून मला बोलवत होती, आणि तिच्यापर्यंत जायचं कसं ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. जिथे उतरायला जावं तिथे जाळी, नाहीतर कडा. मी नवऱ्याला फोन लावला.

"कुठे आहात?"

"माहीत नाही. पण मॅक्सी दिसतेय."

"कुठली मॅक्सी? लोकेशन पाठव."

पाठवलं. नकाशावर हिरव्या रंगात एक ठिपका, चहूबाजूंना काही नाही. नवरा तो बघून म्हणाला, "मीटिंग आहे." शेवटी आम्ही दोघं बसून, सरळ घसरत खाली आलो आणि एका तबेल्याच्या मागे शेणाच्या ढिगाशी पोचलो. म्हशींनी रवंथ थांबवून आमच्याकडे बघितलं. मला इतकं हसू आलं की उठताच येईना. पप्पाही हसत होते. सुरमई सरकवली त्या दिवसापासून ते पहिल्यांदाच हसत होते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. नाहीतर मी त्या टेकडीचं नावही काढलं नसतं.

आठवडाभर नुसतं चढून झाल्यावर पप्पा म्हणाले, खांद्यावर काही नाही तर ही तालीम कसली. सोसायटीच्या गणपतीच्या मांडवाचे बांबू मीटररूमच्या मागे पडले होते, त्यातला एक त्यांनी आणला. वजनासाठी तांदूळ ठरला. पण पिशवी नुसती बांधली तर झोके खाते, म्हणून माळ्यावरची जुनी कापसाची गादी काढली, तांदळाची पिशवी तिच्यात गुंडाळली, दोरीने बांबूला आवळली, आणि गादी मळू नये म्हणून वरून माझी पांढरी चादर बांधली. त्या वेळी आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हे कसं दिसतंय. मी तर गाठी छान बसल्या म्हणून खूश होते.

पहाटे गारवा होता. पप्पांना कानाला वारा सोसत नाही, त्यामुळे त्यांनी डोक्याभोवती आणि तोंडाभोवती मफलर गुंडाळला होता, डोळे तेवढे उघडे. पुढे ते, मागे मी. पुढच्या खांद्याचा मान मोठ्याचा, असं त्यांनी सांगितलं. आम्ही गेटमधून निघालो तसा वॉचमन उठून उभा राहिला. मला बरं वाटलं, एरवी तो मंत्र्यासाठीही उठला नसता.

मग रस्त्यातले फिरायला निघालेले लोक थांबायला लागले. कुणी चप्पल काढून हात जोडले. एका बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी घामाने निथळत होते, नाकातून पाणी वाहत होतं, मान खाली. शेवटच्या वळणावर एक काका काही न बोलता माझ्या बाजूला आले आणि बांबूला खांदा दिला. मला गहिवरून आलं. मुंबईत अजून माणुसकी आहे, म्हटलं.

ते हळूच म्हणाले, "दोघंच तुम्ही? माणसं नाहीत?"

मी धापा टाकत म्हटलं, "सगळ्यांना ऑफिस असतं ना."

"कधीपासून त्रास होता?"

"गेल्या शिमग्यापासून." मला वाटलं त्यांना पप्पांच्या धापेबद्दल ऐकून माहीत असेल. "आता सोडा काका, आम्ही नेतो वर. आता रोजचंच आहे आमचं."

काका जागच्या जागी थांबले. मी मागे वळून त्यांना थँक्यू म्हटलं, पण त्यांनी ते घेतलं नाही.

टेकडीवर त्या दिवशी अर्ध्यापर्यंत गेलो. गादी रोज घरी कशाला न्यायची म्हणून उतरल्यावर पायथ्याच्या एका करवंदीच्या जाळीत लपवली आणि हात हलवत परत आलो. सोसायटीच्या गेटवर गर्दी होती. आत खुर्च्या मांडलेल्या, निम्मी बी विंग पांढऱ्या कपड्यात. कंपाउंडच्या भिंतीवर फ्लेक्स लागलेला, ओली शाई अजून चमकत होती. वर लिहिलं होतं भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली पप्पांचा फोटो. आमच्या सत्यनारायणाचा फोटो कापून घेतला होता, त्यामुळे पप्पांच्या हातातली शिऱ्याची वाटी तशीच आली होती.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी फार तत्पर आहेत. लिफ्ट बंद पडली तर त्यांना सहा महिने पत्ता लागत नाही, पण असल्या कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही. ते माझ्याकडे येऊन मान हलवत म्हणाले, "वहिनी, आम्हाला एक हाक मारायची होती. आणि टेकडीवर का नेलंत? गावची काही रीत असते का?"

पप्पांनी मफलर सोडला. सेक्रेटरी मागच्या खुर्चीवर बसले, पण तिथे खुर्ची नव्हती.

एकच गोंधळ झाला. दोन बायका किंचाळल्या, एक रडायला लागली, ती खरं तर आधी रडत नव्हती. पप्पा मात्र शांतपणे फ्लेक्सपाशी गेले, चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"मनमिळाऊ कुणी लिवलं?" त्यांनी विचारलं. सगळे सेक्रेटरींकडे बघायला लागले. "बरं हाय," ते म्हणाले. "फोटोपण बरा आलाय."

चहा उकळून झालाच होता, तो वाया कशाला घालवायचा म्हणून सगळ्यांनी घेतला. नवरा ऑफिसच्या वाटेवरून टॅक्सीने रडत आला, तेव्हा त्याचे वडील स्वतःच्या शोकसभेत चहात बिस्किट बुडवत बसले होते. तो त्यांना मिठी मारून जे रडला ते पाहून मलाही भरून आलं. मग त्याने डोळे पुसले आणि माझ्यावर ओरडला, "पांढरी चादर? डोकं आहे का गं?" त्याचंही बरोबर होतं, पण मी काही ऐकून घेतलं नाही. वाफेत बसणाऱ्यांनी घाम गाळणाऱ्यांना शिकवू नये, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले.

फ्लेक्स पप्पांनी काढून घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो टेकडीवर नेला आणि गादीवर दव पडू नये म्हणून तिच्यावर पांघरला. जाळीत वाकलं की आतून पप्पा वाटी घेऊन बघताना दिसायचे. मला दचकायला व्हायचं, त्यांना त्यात काही वाटत नव्हतं. पांढऱ्या चादरीच्या जागी मी जुनी लाल साडी गुंडाळली, म्हणजे निदान चुकीच्या कारणाने कुणी हात जोडणार नाही.

तिथेही फसलो. टेकडीवर शेळ्या चारायला एक म्हातारी यायची. तिने लाल गुंडाळी खांद्यावरून जाताना पाहिली आणि वाटेतच लोटांगण घातलं. मी सांगणार होते की आजी, ही गादी आहे. पण पप्पांनी मला डोळ्यांनी दटावलं, पालखी खाली ठेवली, टॉवेल डोक्याला बांधला आणि गावात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. बा देवी, हिची जी काय इडापीडा असेल ती दूर कर. म्हातारीची एक शेळी हरवली होती. दोन दिवसांनी ती सापडली. मग म्हातारी नारळ घेऊन आली, आणि तिच्यासोबत खालच्या वस्तीतल्या आणखी तिघीजणी आपापली गाऱ्हाणी घेऊन आल्या. पप्पांचा निम्मा व्यायाम त्यात जायला लागला. मी वैतागले. गादी धुवायची वेळ आली तर हिला आता धोपटायची कशी, हाही प्रश्नच होता.

पण तालीम चालू होती. आणि खरं सांगते, मी तयार होत होते. माझी लेगिंग ढिली झाली, जिना चढताना मी बोलू शकायला लागले, आणि खांद्यावर एक घट्टा आला तो मी नवऱ्याला रोज दाखवायची. पप्पांना मात्र धापसुद्धा लागत नव्हती. सत्तरी ओलांडलेला माणूस पुढे गुणगुणत चाललाय आणि मी मागे फेस येईपर्यंत ओढतेय, याची मला मनातून फार लाज वाटायची. चढताना ते पुढे. उतरताना म्हणायचे, "आता मान तुझा गो," आणि मला पुढे घालायचे. मी त्या मानाने सुखावायची.

माघातली गोष्ट. पळस फुलला होता. उतरताना पप्पा म्हातारीशी बोलण्याच्या नादात अदलाबदल विसरले आणि स्वतः पुढेच राहिले. मी मागे, वरच्या बाजूला. पाच-दहा पावलं गेलो आणि मला वाटलं गादी पडली की काय. खांद्यावर काही नव्हतंच! बांबू नुसता टेकलेला. मी चक्क एका हाताने केस बांधले. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. चढताना गादी सरकते ती मागच्याच्या अंगावर. वर ढकलायची तीही मागच्याने. उतरताना सगळा भार पुढच्यावर. म्हणजे इतके दिवस, चढताना आणि उतरताना, खालच्या बाजूला कोण होतं? मी. मान कुणाचाही असो, भार माझा.

"पप्पा!" मी बांबू खाली टाकला. "तुम्ही मला बैलासारखं जुंपलंत!"

मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेळ्या लांब गेल्या. पप्पा दगडावर बसले आणि ऐकत राहिले. मी दमून थांबल्यावर म्हणाले, "मना ठावं होतं."

"मग?"

"मागचा खांदाच खरा. पुढं कुणीपण चालतो. गेल्या शिमग्याला मी मागं होतो." ते मुरमात काठीने रेघा ओढत होते. "तिथंच दम संपला. आता मागं जायची भीती वाटते गो. मागं जाऊन नाय जमलं, तर मग संपलंच."

माझा राग जागच्या जागी उतरला. मला तो माणूस त्या क्षणी इतका आवडला की मी त्यांच्या शेजारी मुरमात बसले. पण मी घाटकोपरची आहे, लाड करायची आम्हाला सवय नाही.

"उद्यापासून मागे तुम्ही," मी म्हणाले. "दम लागला तर थांबू. पण मागे तुम्हीच."

पहिल्या दिवशी ते खालच्या घाणेरीपर्यंत पोचले आणि बसले. दुसऱ्या दिवशीही तिथेच. मी पिशवीतला निम्मा तांदूळ काढला, मग थोडा थोडा परत घातला. मी पुढे चालायची, त्यामुळे मला ते दिसायचे नाहीत, फक्त श्वास ऐकू यायचा. तो कधी तुटणार ते मला पायाच्या आवाजावरून कळायला लागलं, आणि त्यांना माझं पाऊल कुठे अडखळणार ते बांबूवरून. घाणेरीपासून पळस, पळसापासून वरचा काळा दगड. एके सकाळी काळा दगडही मागे पडला आणि पुढे चढच उरला नाही. खाली आख्खं मुलुंड, आमची गच्ची आणि गच्चीवर मॅक्सी. पप्पांना बोलता येत नव्हतं. त्यांनी गादीला नमस्कार केला, आणि मीही केला.

शिमग्याला आम्ही गावी गेलो. पहिल्या दिवशी सहाणेवर पालखी नाचली. हल्ली मुंबईच्या पोरांना सुट्ट्या मिळत नाहीत, माणसं कमी पडतात, म्हणून सपाटीवर बायकाही खांदा देतात. मीही दिला, काकूंनी माझं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी ओढ्यापाशी आली. समोर घाटी. आमच्या टेकडीपेक्षा उभी होती, आणि गवत तसंच, कंबरेएवढं.

काका पुढे आले. माणूस वाईट नाही. ते पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दादा, तुझं मन मोडत नाय. तू पुढं लाग. मागं आपला जवान पोरगा देतो."

सगळ्यांना वाटलं पप्पा खूश होतील. नवऱ्यानेही फोटोसाठी फोन काढला. मी पप्पांकडे बघितलं. पुढचा खांदा म्हणजे काय, ते त्या गर्दीत तिघांना पक्कं ठाऊक होतं: काकांना, पप्पांना आणि मला.

"मना मागचा पायजे," पप्पा म्हणाले.

"दादा, ऐक जरा..."

"मागचा. आणि पुढं सून."

ढोल थांबले. काका म्हणाले, "घाटीत बाई? आजवर कधी..."

"तिची चाल मना ठावी हाय. दुसऱ्या कुणाच्या मागं मी चढणार नाय."

मला तर वाटत होतं, जमीन दुभंगावी आणि मी थेट घाटकोपर स्टेशनला निघावं. शेवटी काकूच म्हणाल्या, "चढूद्या की. ऊन व्हायला लागलंय, वर नैवेद्य थांबलाय." नैवेद्याचं नाव निघाल्यावर काकांचा आवाज खाली आला.

चपला काढल्या, पदर खोचला आणि दांडा घेतला. देवी गादीपेक्षा जड होती. ओढ्याचं पाणी, मग करवंदीच्या जाळ्या, काटे पोटरीला. मी सरळ वर बघून चालत होते आणि कान मागे. श्वास चालू होता. आम्ही मध्यावर आलो. एका तुटलेल्या ऐनाच्या खोडापाशी, जिथे गेल्या वर्षी पोरांनी दांडा काढून घेतला होता, तिथे मागचा श्वास थांबला.

मीही थांबले. मागून पोरं पुढे सरकल्याचा आवाज आला. मला वळता येत नव्हतं. मी मनातल्या मनात देवीला नाही, त्या गादीला म्हणत होते, सांभाळ बाई. पण दांडा तसूभरही खाली आला नव्हता.

"पप्पा, थांबायचं?"

आधी खोकला आला. मग तो ढोलासारखा आवाज, जरा फुटलेला.

"पुढं बघ गो. सरळ वर."

वर वाडीत, आमच्या अंगणात पालखी टेकवली तेव्हा मी वळले. पप्पांचं तोंड लालबुंद झालं होतं आणि ते लहान मुलासारखे रडत होते, सगळ्यांसमोर, न लपवता. मीही रडले. काकांनी येऊन पप्पांचा खांदा चोळला, आणि म्हणाले, "तुझाच खांदा हाय दादा. राहूदे तुझ्याकडं." नवऱ्याने त्या घाटीतला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. फोटोत वाकलेली मी, मागे टॉवेल गुंडाळलेले पप्पा, आणि मध्ये गवताआड दांड्याला काहीतरी.

मिनिटाच्या आत सेक्रेटरींचं उत्तर आलं. हात जोडलेले, आणि खाली विचारलं होतं, "अरेरे. कोण गेलं?"

मी तो मेसेज पप्पांना वाचून दाखवला. ते अजून डोळे पुसत होते. त्यांनी अंगणभर बघितलं. काका, काकू, ढोलवाले, फोन धरून उभा त्यांचा मुलगा, मी.

"लिव त्याला," ते म्हणाले. "सगळे हायत."